बंद पाकिटातला 'वेढा'

त्या वर्षी पॅरिसमध्ये इझिदोर मलाकीला साधी दाढी करून घ्यायचीही चोरी झाली होती. न्हावी गालाला साबण फासायचा आणि वस्तरा हातात घेतला की गुणगुणायला लागायचा, 'सात छत्र्या'मधला वॉल्ट्स, म्हणजे तीन ठेक्यांची नाचाची चाल. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, आणि दर 'एक'ला वस्तरा गळ्यापाशी. वर म्हणायचा, "तुमचंच आहे हो मास्तर, चुकलं तर सांगा." मानेवर पातं असताना चूक कोण काढतो?

बावीस वर्षांपूर्वी लिहिलेलं गाणं. तेव्हापासून मलाकीने तीस ऑपरेटा लिहिल्या होत्या, म्हणजे ती हसतखेळत, मेअरच्या बायका आणि मूर्ख सरदार नाचवणारी गाण्याची नाटकं. त्यातला 'धोबिणींचा कोरस' मासळीबाजारात म्हटला जायचा, 'पोस्टमनचं गाणं' पलटणीचे बँड वाजवायचे. पण छत्र्यांचा वॉल्ट्स सगळ्यांपेक्षा वरताण होता. रस्त्यावरचे पेटीवाले हँडल फिरवून तोच दळायचे. दातांचा डॉक्टर दाढ उपटताना तोच म्हणायचा. मलाकी घराबाहेर पडला की त्याचंच सोंग त्याच्या पुढे नाचत चाललेलं असायचं.

आणि गंभीर संगीतवाले त्याला दारात उभं करत नव्हते. त्यांचा म्होरक्या ग्रांव्हाले, नदीपलीकडच्या एका मोठ्या चर्चचा ऑर्गनवादक. पांढरी दाढी, काळा कोट, चेहरा कायम उपासाच्या दिवसासारखा. तीस वर्षांत त्याने मलाकीच्या नमस्काराला एकदाही टोपी उचलली नव्हती. गंमत अशी की त्याच्याच चर्चमध्ये लग्न असलं की मुलीचा बाप आग्रह करायचा आणि ग्रांव्हालेचा मदतनीस तोच वॉल्ट्स स्तोत्रासारखा पाय ओढत ओढत वाजवायचा. म्हाताऱ्यासुद्धा डोळे पुसायच्या. तेव्हा देवाला चालायचं, फक्त ग्रांव्हालेला चालायचं नाही.

मलाकीला हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. तसा तो नकलाकार माणूस, कॅफेत त्याच्या थापा आणि फजित्या प्रसिद्ध होत्या. पण त्याच्या पोटात एक गोष्ट सलत होती, ती म्हणजे एलोई.

एलोई त्याचा धाकटा भाऊ. प्रशियन फौजेने पॅरिसला वेढा घातला त्या हिवाळ्यात, लोक घोडे संपवून उंदरांवर आले होते तेव्हा, एलोई तटावर पहारा करायला गेला. जाताना म्हणाला, "इझिदोर, एकदा तरी असं काही लिही की ऐकून लोक गप्प बसतील." जानेवारीत त्याला फळीवर घालून घरी आणलं. त्या संध्याकाळी मलाकी घरी नव्हता. तो अधिकाऱ्यांच्या जेवणावळीत पियानोवर छत्र्या वाजवत होता, कारण तिथे पांढरा पाव मिळत होता. त्याने दोन तुकडे एलोईसाठी खिशात घालून आणले होते. ही लाज तेरा वर्षं त्याच्या अंगावर होती.

म्हणून त्याने 'वेढा' लिहिला. विनोद नाही, नाच नाही, पूर्ण तीन अंकी ऑपेरा. तटावर मेलेल्या भावासाठी बहीण शेवटी विलाप करते, ते गाणं एलोईचं. अकरा महिने तो रोज पहाटे उठून लिहीत होता. लोकांनी अक्षर ओळखू नये म्हणून त्याच्या बायकोने, अर्मांसने, चारशे पानांची प्रत स्वतःच्या हाताने उतरवली. बोटाला घट्टा पडला तरी ती कुरकुरली नाही.

मादाम द्युफ्रेनॉय नावाच्या श्रीमंत विधवेने मृत्युपत्रात एक स्पर्धा लावून ठेवली होती. जिंकणारा ऑपेरा पूर्ण वाद्यवृंदासह मोठ्या नाट्यगृहात होणार. नियम कडक: हस्तलिखितावर नाव नाही, फक्त एक बोधवाक्य. तेच वाक्य एका मोहोरबंद पाकिटावर, आणि नाव त्या पाकिटाच्या आत. जिंकेल त्याचंच पाकीट फुटायचं. बाकीची न उघडता, बाईंच्याच दिवाणखान्यातल्या शेकोटीत जाळायची, म्हणजे हरलेल्याची अब्रू झाकलेली राहते. बाईंना माणसं कळत होती म्हणायची.

मलाकीने जूनमध्ये पाकीट पाठवलं. वर लिहिलं: 'जो तटावर उभा राहिला.' आत स्वतःचं नाव, ठळक. ते पाकीट फुटेल तेव्हा ग्रांव्हालेचं तोंड कसं होईल, हे त्याने अर्मांसला जेवताना करून दाखवलं होतं. ती हसून हसून खोकली.

ऑक्टोबरमध्ये एक परीक्षक जिन्यावरून पडला आणि त्याचा पाय मोडला. रिकामी खुर्ची भरायला परीक्षक मंडळाने ज्याच्या दारात माणूस पाठवला, तो मलाकी. माणूस कसला, खुद्द ग्रांव्हाले आला. दारात त्याने टोपी उचलली नाही, पण काढून हातात धरली.

"मस्यू मलाकी, मृत्युपत्रात लिहिलंय, एक परीक्षक लोकांच्या आवडीचा असावा. बाईंची इच्छा. माझी नव्हे."

"मी... माझी तब्येत जरा..."

"तुमच्या गालांवरून तसं वाटत नाही. कारण असेल तर सांगा, मी सेक्रेटरीला कळवतो."

कारण काय सांगणार? कारण सांगितलं की नाव फुटलं, आणि नाव फुटलं की ऑपेरा स्पर्धेबाहेर. आणि खरं सांगायचं तर मलाकी थोडा हुरळलाही होता. तीस वर्षांनी त्या लोकांनी त्याला आपल्या ओळीत बसायला बोलावलं होतं. तो 'हो' म्हणून बसला.

"आजारी पडा," अर्मांस त्याच रात्री म्हणाली. "आजच्या आज पडा. ताप आला म्हणा, देवी आल्या म्हणा."

"अगं, मी मतच देणार नाही. गप्प बसेन. चौघं ठरवतील काय ते."

"तुम्ही? गप्प?" तिने कांद्याच्या सूपचा वाडगा त्याच्यापुढे आदळला. "लग्नात पाद्री बोलत होता तेव्हा तुम्ही गप्प बसला नाहीत."

नोव्हेंबरमधल्या एका दुपारी पाच परीक्षक मादाम द्युफ्रेनॉयच्या दिवाणखान्यात बसले. अध्यक्ष ग्रांव्हाले. त्याच्या शेजारी देल्पेश, संगीतशाळेत रचनाशास्त्र शिकवणारा, ज्याच्यापुढे पोरं चळचळा कापत. मग एक टीकाकार, एक निवृत्त गायक आणि टोकाला मलाकी. सेक्रेटरी तोरेल हा बाईंचा जुना वकील. त्याच्या पुढ्यातल्या ताटलीत सात पाकिटं रचलेली होती. शेकोटी पेटलेली होती. पियानोवर एक बाई बसली होती, समोर येईल ते वाजवणारी.

सहा ऑपेरांचे निवडक भाग वाजवून संपेपर्यंत टीकाकाराने दोनदा डुलकी काढली. एकही ऑपेरा पसंत पडला नाही; सहा पाकिटं आगीत गेली. सातवा 'वेढा'.

पहिल्या अंकात तटावरचे पाच पहारेकरी एकामागून एक हाक देतात. मलाकीने तिथे पाच आवाजांची गुंफण केली होती, अगदी जुन्या चर्चच्या पद्धतीची, एकही धागा न तुटता. देल्पेश पुढे झुकला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"कोण आहे हा?" तो पुटपुटला. "असं आता कुणाला येतं?"

मलाकीला कानशिलं गरम झाल्याचं जाणवलं. त्याने टाचा जमिनीत रोवल्या आणि छताकडे पाहायला लागला, चोर पकडला जाऊ नये म्हणून पाहतो तसा. दुसरा अंक झाला. ग्रांव्हालेने डोळे मिटले होते आणि तो झोपला नव्हता. एलोई, मलाकी मनात म्हणाला, बघ, गप्प बसलेत.

तिसऱ्या अंकात विलाप सुरू झाला. आठ मात्रा झाल्या असतील. टीकाकाराचं बोट गुडघ्यावर नाचायला लागलं. मग तो हळूच गुणगुणला, मग जरा मोठ्याने. एक-दोन-तीन.

"छत्र्या!" तो ओरडला. "अरे, या तर छत्र्या आहेत! भिजून जड झालेल्या!"

निवृत्त गायक खो खो हसला. पियानोवाल्या बाईने वाजवणं थांबवून हसू दाबायला तोंडावर हात ठेवला. मलाकी हलला नाही, कारण त्याला ते स्वतःला ऐकू आलं होतं. अकरा महिने त्याने ते गाणं स्वतःच्या बोटांनी वाजवलं होतं आणि त्याला कधीच कळलं नव्हतं. परक्याच्या हातातून ते पहिल्यांदा आलं आणि तो गारठला. सूर वर झेप घेऊन जिथे थांबतो, रेंगाळतो, मग लाजल्यासारखा खाली उतरतो, ती सगळी चाल छत्र्यांचीच होती. भावासाठी रडायला बसला तेव्हाही त्याचा गळा तसाच रडला होता. दुसरा गळा आणणार कुठून?

"चोरी," देल्पेश तुटकपणे म्हणाला. "वाईट वाटतं. पहिला अंक सोन्याचा होता."

"थांबा," ग्रांव्हाले म्हणाला. "पहिल्या अंकासाठी माझं मत मी द्यायला तयार आहे. चोरी नसेल तर. आणि ते ठरवायला लांब कशाला जा, मालक इथेच बसलाय. मस्यू मलाकी, तुम्ही सांगा. हे तुमच्याकडून उचललंय का?"

सगळे वळून बघायला लागले. गप्प बसायचा बेत तिथेच बारगळला. 'हो' म्हटलं तर स्वतःच्या हाताने एलोईला पुन्हा फळीवर घालायचं. 'नाही' म्हटलं तर पाकीट फुटणार, आणि परीक्षकाने स्वतःलाच बक्षीस दिलं म्हणून सगळं शहर तोंडात शेण घालणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. पण त्या क्षणी मलाकीला बदनामीचंही काही वाटेना. होऊ दे बदनामी, नाव तरी वाचतील. हे ज्याने लिहिलं तो कोण, हे एकदा तरी या खोलीत मोठ्याने वाचलं जाईल.

"चोरलेलं नाही," तो म्हणाला.

"कशावरून?"

"कारण 'वेढा' मी लिहिलाय. पाकिटात माझं नाव आहे. अकरा महिने खपलोय मी."

 निवृत्त गायक हसत सुटला. त्याच्या पाठोपाठ टीकाकार, मग तोरेल. आणि मग, देव साक्षीला, ग्रांव्हालेही. त्याची दाढी हलायला लागली आणि आतून जुना दरवाजा करकरावा तसं हसू आलं.

"मलाकी, तुम्ही मेल्यावरसुद्धा शवपेटीतून उठून चेष्टा कराल!"

"मी चेष्टा करत नाही!"

"बघा, चेहराही सरळ ठेवलाय! वा!"

मलाकी उठला, पियानोपाशी गेला, त्या बाईला जवळजवळ ढकलून बसला आणि त्याने पाच पहारेकऱ्यांची गुंफण सुरुवातीपासून वाजवली, न बघता. दहा ओळी वाजवून तो वळला. सगळे टाळ्या वाजवत होते.

"काय कान आहे!" देल्पेश म्हणाला. "एकदा ऐकलं आणि उचललं. शाळेत असे कान मिळाले असते तर..."

"देल्पेश, मी लिहिलंय हे. शपथेवर सांगतो."

देल्पेशच्या चेहऱ्यावरचं हसू जरा ओसरलं. मुलाला समजावावं तसं तो म्हणाला, "मास्तर, पुरे आता. असली गुंफण तुम्हाला येत नाही, यात कमीपणा काही नाही. यात जे चांगलं आहे ते तुमचं असू शकत नाही. आणि जे तुमचं आहे ते त्याने चोरलंय. इतकं साधं आहे."

मलाकीने तोंड उघडलं. एलोईचं नाव जिभेवर आलं होतं. पण ते या हसणाऱ्या तोंडांपुढे काढलं तर त्याचाही विनोद होईल, अशी त्याला भीती वाटली आणि त्याने ते गिळलं.

"मग पाकीट उघडा!" तो ओरडला. "उघडून बघा ना!"

"जिंकल्याशिवाय उघडता येत नाही," तोरेल म्हणाला. "बाईंचा नियम. आधी मत."

मतं झाली. चार विरुद्ध, एक बाजूने. ते एक मत टीकाकाराला इतकं आवडलं की त्याने वहीत टिपून ठेवलं. तोरेलने पाकीट चिमटीत उचललं तसा मलाकी त्याच्यावर झेपावला. वकिलाला वाटलं खेळ अजून चालू आहे. त्याने हात उंच केला, म्हाताऱ्या माणसाला न शोभणारी एक गिरकी घेतली आणि पाकीट शेकोटीत टाकलं. लाखेची मोहोर आधी वितळली. कागद उलगडला आणि एक अक्षर दिसलं न दिसलं तोवर काळा पडला. मलाकी गुडघ्यावर बसून बघत होता, आणि मागे लोक हसून हसून पाणी आलेले डोळे पुसत होते.

घरी अर्मांसने सगळं ऐकलं. बोटावरच्या घट्ट्यावरून ती अंगठा फिरवत राहिली.

"कच्चे कागद आहेत आपल्याकडे," ती म्हणाली. "तुमच्या अक्षरातले. उद्या नेऊन आपटा त्यांच्या टेबलावर."

पण सकाळी वर्तमानपत्र आलं. पहिल्याच पानावर 'मलाकींचा नवा प्रहसनप्रयोग' म्हणून सगळा किस्सा, संवादांसह, वर 'एकदा ऐकून त्यांनी अख्खा अंक वाजवला' हेही. मलाकीने ते दोनदा वाचलं आणि कच्च्या कागदांचं कपाट बंद केलं.

"का?" अर्मांस म्हणाली.

"आता कागद दाखवले तर लोक काय म्हणतील? परीक्षकाने एकदा ऐकलं, घरी येऊन उतरवून काढलं, आणि गरीब बिचाऱ्या कुणाचा तरी ऑपेरा ढापला. त्या बिचाऱ्याला तर कुणी ओळखतही नाही. चोर ठरायला आता मी एकटाच उरलोय."

 अर्मांस स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ तिथून भांड्यांचा आवाज येत राहिला.

दुपारी रिबुलो आला. रिबुलो म्हणजे ऑपरेटाच्या थिएटरचा मालक. मलाकी करारानुसार दर वसंतात त्याला एक नवी ऑपरेटा द्यायला बांधील होता. वर्तमानपत्र त्याने झेंड्यासारखं धरलं होतं.

"मास्तर! सोनं आहे हे, सोनं! एक माणूस भरसभेत ओरडतोय, 'हे मी लिहिलंय,' आणि कुणी विश्वासच ठेवत नाही! तीन अंक! मार्चमध्ये पडदा वर. आणि मध्ये एक वॉल्ट्स टाका, नेहमीचा, तुमच्या हातचा."

"रिबुलो, हसण्यासारखं नाही ते."

"हेच! अगदी हाच चेहरा! नटाला हाच चेहरा करायला सांगू!"

मलाकीने ती ऑपरेटा लिहिली. करार होता, आणि तसंही दुसरं काही सुचत नव्हतं. तिसऱ्या अंकात नायक एकटा पडतो, तिथे वॉल्ट्स हवा होता. मलाकी तीन दिवस कोऱ्या कागदापुढे बसला. चौथ्या दिवशी त्याने कपाट उघडलं आणि विलाप बाहेर काढला. मोठ्या नाट्यगृहात नाही तर नाही, पण एलोईचं गाणं एकदा तरी माणसांनी भरलेल्या थिएटरात वाजावं, एवढंच त्याच्या मनात होतं. सूर तसेच ठेवले. लयही तशीच ठेवली, संथ.

पहिल्या तालमीला रिबुलो म्हणाला, "जरा पळवा." दुसऱ्या तालमीला नट म्हणाला, श्वास पुरत नाही, जरा पळवा. तिसऱ्या तालमीला नाच बसवणारी म्हणाली की मुलींचे पाय अडकतात. शब्दही बदलले; बहीण भावाला हाक मारत होती तिथे आता नायक हरवलेल्या टोपीला हाक मारायला लागला. मलाकी दर वेळी म्हणायचा, आता बास, याच्यापुढे नाही. आणि दर वेळी वाद्यवृंदाला ताल देणारी त्याची छडी थोडी लवकर खाली यायची.

मार्चमध्ये पहिला प्रयोग झाला. रिवाजाप्रमाणे छडी मलाकीच्याच हातात होती. टोपीचं गाणं आलं आणि दुसऱ्याच कडव्याला वरच्या गॅलरीतून पाय आपटायला लागले. संपलं तेव्हा थिएटर कोसळल्यासारखं झालं. "पुन्हा! पुन्हा!" पुन्हा झालं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा प्रेक्षकांना ते पाठ झालेलं होतं आणि ते सोबत गात होते. उजव्या बाजूच्या बॉक्समध्ये अर्मांस मांडीवर हात ठेवून बसली होती. संपूर्ण थिएटरमध्ये गप्प बसलेलं माणूस ती एकटीच.

टाळ्या चालू असताना मलाकी क्षणभर विंगेत आला, तोंड पुसायला. तिथे काळा कोट घालून ग्रांव्हाले उभा होता. तो आयुष्यात पहिल्यांदा या थिएटरात आला होता. त्याने टोपी उचलली. खरोखर उचलली, डोक्यापासून चांगली वीतभर.

"मास्तर," तो म्हणाला, आणि हाही शब्द पहिल्यांदाच, "त्या नोव्हेंबरातला चोर आठवतो? याच सुरांना त्याने स्मशानात नेऊन बसवलं होतं. मी इतके महिने विचार करत होतो, त्या गाण्यात काय चुकलं होतं. आज कळलं. हे असंच असायला हवं होतं. जलद, हसरं. आता कुणालाही कळेल की हे तुमचं आहे."

मलाकीने त्याच्याकडे पाहिलं.  

"आभारी आहे," तो म्हणाला.

मागून रिबुलोने त्याची बाही ओढली. घामाने थबथबलेला, आनंदाने वेडा झालेला.

"मास्तर, चला! चौथ्यांदा मागतायत! आणि या वेळी आणखी जरा पळवा!"

मलाकी गेला. त्याने छडी उचलली, वर बॉक्सकडे बघायचं टाळलं, आणि आणखी जलद घेतलं.